पेट्रोलचा काटा आणि रंगाचे तीन हात

"आधी रंगाचा एक हात, मग पुढचं!" आमचे शेजारचे काका हातात ब्रश घेऊनच जन्माला आले असावेत. खुर्च्या, कुंड्या, पाण्याचं पिंप, सगळं हिरवं. एकदा आमच्या दाराशी उभ्या असलेल्या सायकललाही त्यांनी हात मारला. ह्यांची ऑफिसची पँट मागून हिरवी झाली, तर काका म्हणतात, "वाळेपर्यंत थांबायचं नं!" अशी माणसं तुमच्याही शेजारी असतीलच, म्हणून नाव सांगत नाही.

राज्यांची फेररचना झाली, राजधानी भोपाळला आली आणि सचिवालयातल्या आम्हा नागपूरकरांची बिऱ्हाडंही आली, काकांचं पुन्हा आमच्या शेजारीच. इथे एका नवाबी घराण्यानं काढून टाकलेली मोटार काकांनी घेतली. लगेच हिरवी केली, हे वेगळं सांगायला नको. पहिल्याच फेरीत ऐन बाजारात पेट्रोल संपलं. पोरं गाडी ढकलतायत, दुकानदार हसतायत. काकू उतरल्या, पदर सावरला आणि तडक चालत घरी आल्या.

"लोक हसतात त्या गाडीत मी पुन्हा बसायची नाही बाप्पा!"

झालं! काका एकटेच गाडी फिरवायचे, शेजारची सीट रिकामी. काकूंना होशंगाबादला नर्मदेवर न्यायचं, एवढीच त्यांची हौस होती हो. मला फार वाईट वाटायचं.

पेट्रोल किती उरलंय हे दाखवणारा काटाच त्या गाडीत नव्हता. टाकीत काठी बुडवून बघायचं. काकांनी भंगारबाजारातून कुठल्याशा दुसऱ्या मोटारीचा काटा आणला. टाकी उतरवून आत त्याचा तरंगता गोळा बसवला आणि तिथून वायर ओढली ती थेट समोरच्या तबकडीपर्यंत. बटण दाबताच काटा ताडकन 'फुल्ल'वर!

"भरलं तर थोडंच होतं," काका म्हणाले, "पण काटा म्हणतो तर असेल." मग काकूंना शब्द दिला, "आता गाडी आधी सांगेल, मग थांबेल." आम्ही दोघंही मागे बसणार म्हटल्यावर काकू एकदाच्या तयार झाल्या.

भोपाळ सुटलं, काटा फुल्ल. "बघा, ही पेट्रोल पीतच नाही!" काका खुशीत. वाटेतल्या मिसरोद गावात गाडीनं दोन आचके दिले आणि ठप्प. काटा फुल्लच!

झालं होतं असं, की त्या गोळ्याच्या बैठकीचा टाकीच्या उघड्या पत्र्याशी विजेचा संबंध हवा, तरच काटा खरं बोलतो. आणि काकांनी गोळा बसवण्याआधी टाकीला रंगाचे तीन हात दिलेले! रंगातून वीज कुठली जायला! टाकी भरो की आटो, काटा आपला फुल्ल.

शेवटी मोटारीला दोर बांधून ती बैलगाडीला जोडली. सगळं मिसरोद पोट धरधरून हसत होतं. गाडीवान काकूंना म्हणाला, "बाईजी, आप इधर आ जाओ. मोटर का क्या भरोसा!"

काकूंनी काकांकडे पाहिलं. ते मान खाली घालून बसले होते, कान लालबुंद. मी म्हटलं, झालं! बाई आता पुन्हा चालायला लागणार!

"नहीं भैया," काकू म्हणाल्या, "हम हमारी ही गाडी में बैठेंगे." आणि दार धाडकन लावून घेतलं.

काका-काकू दोघंही जाऊन आता बरीच वर्षं झाली. मला मात्र अजून ते तसेच दिसतात, पुढे दोन बैल आणि मागे हिरव्या मोटारीत शेजारी शेजारी दोघं. काका पुटपुटतायत, "लोक हसतायत गं."

"हसू द्या," काकू म्हणतात. "तुम्ही स्टेअरिंग नीट धरा."