मागून येणारा आवाज

आमच्या ग्रंथालयातली पुस्तके ऐकायची असतात. ज्यांना दिसत नाही त्यांच्यासाठी कोणीतरी ती मोठ्याने वाचून ठेवते आणि सभासद घरी नेऊन ऐकतात. मी तिथे हिशेब पाहतो. माझ्या टेबलासमोर काचेची खिडकी आहे आणि पलीकडे वाचनाची छोटी खोली: भिंतींना आवाज शोषून घेणारा जाड नमदा, एक टेबल, एक माइक, एक जुना कॉम्प्युटर. त्या खोलीत ज्यांनी सर्वांत जास्त पुस्तके वाचली, त्यांना आम्ही सगळे वाचकबाई म्हणतो.

वाचकबाई सकाळी एका छापखान्यात मुद्रिते तपासतात आणि दुपारी आमच्याकडे येतात. आवाज किंचित खालचा, पण ठाम. या बाई लहानपणी अडखळत बोलत, असे सांगितले तर कोणाला खरे वाटत नाही. शाळेत हजेरीला ‘हजर’मधला ‘ह’ तोंडातून निघेपर्यंत शिक्षिका पुढच्या मुलीवर गेलेल्या असत आणि समोर बसलेल्या या मुलीची गैरहजेरी लागे. आईने यावर तोडगा काढला होता. दुकानात पाठवायचे तर धाकट्या भावाला बरोबर द्यायचे. बहीण अडली की शब्द तो पुरवायचा आणि या दुभाषेगिरीबद्दल तिच्याकडून एक लिमलेटची गोळी वसूल करायचा.

त्यांची जीभ सुटली ती छापखान्यात. तिथे तपासणीला दोघे बसतात. एक जण मूळ मजकूर वाचतो, दुसरा छापलेल्या कागदावर पेन्सिल ठेवून ऐकतो. बाईंच्या समोर एक म्हातारे तपासनीस असत. ऐकल्याशिवाय त्यांची पेन्सिल पुढे सरकत नसे. बाई एखाद्या शब्दावर अडल्या तर ते वर बघत नसत, घाई करत नसत आणि शब्दही पुरवत नसत. शब्द अंदाजाने धरायचा तर मग तपासणी कसली? पेन्सिल आपली तिथेच उभी. हळूहळू बाईंची अडण्याची भीती गेली आणि तिच्यामागोमाग अडणेही गेले.

ते गृहस्थ पुढे वारले. आमच्या खोलीत बाईंसमोर कोणी नव्हते, पण कानांवर हेडफोन होता. बोललेला शब्द त्याच क्षणी कानात येई. समोरच्या माणसाची जागा त्या आवाजाने घेतली.

कॉम्प्युटर फारच रेंगाळू लागला तेव्हा बाईंनी भावाला बोलावले. तो एका कारखान्यात कॉम्प्युटर सांभाळतो. कोणतीही वस्तू उघडून बघितल्याशिवाय त्याला चैन पडत नाही, म्हणून घरातले त्याला खुडबुड्या म्हणतात. त्याने जुनी प्रणाली काढून लिनक्स ही हलकी प्रणाली बसवली. “ताई, आता म्हातारं पळायला लागेल बघ,” तो म्हणाला, आणि ते पळूही लागले. पण ध्वनिमुद्रणात मध्येमध्ये तडतड येऊ लागली.

आमचे एक सभासद पूर्वी टेलिफोन ऑपरेटर होते. त्यांचा फोन आला. “कादंबरी छान चाललीय हो, पण बाईंच्या मागे बसून कागद कोण चुरगाळतंय? त्याला चहा पाजा आणि बाहेर काढा.”

आमचे चिटणीस हसले नाहीत. माणूस वाईट नाही, पण त्यांना समितीला उत्तर द्यावे लागते. “समितीच्या बैठकीच्या आत शेवटचे भाग स्वच्छ मिळू देत,” ते म्हणाले. “नाहीतर पुढची पुस्तकं यंत्राच्या आवाजात करून घेऊ. ते काही रजा मागत नाही.”

खुडबुड्या पुन्हा आला. त्याने वायर बदलली. कॉम्प्युटरमधला आवाजाचा भाग काम नसले की वीज वाचवायला झोपी जातो, ती त्याची सवय बंद केली. तडतड तशीच राहिली. मग त्याला दुखणे सापडले. मला समजावे म्हणून तो म्हणाला, “काका, आवाज आधी एका टाकीत साठतो आणि मग पुढे जातो. टाकी लहान असली की हे जुनं यंत्र ती वेळेत भरू शकत नाही. मध्येच कोरडी पडते, तेव्हा तडतड होते. मी टाकी मोठी करतो.” त्याने टाकी मोठी केली. तडतड गेली. तो खूश होऊन घरी गेला.

दुसऱ्या दिवशी बाई वाचायला बसल्या आणि पहिल्याच परिच्छेदात थांबल्या. पाणी प्यायल्या. पुन्हा सुरुवात केली. “का... का... काठावर,” एवढे काचेतूनही मला ओठांवर वाचता आले. त्यांनी हेडफोन काढून पाहिला, पण नमद्याच्या भिंती आवाज गिळून टाकत. उशीत तोंड खुपसून बोलल्यासारखे वाटते, असे त्या नंतर म्हणाल्या. थोड्या वेळाने त्या बाहेर आल्या. चेहरा उतरलेला.

“यंत्र आता चांगलं आहे,” त्या म्हणाल्या. एकेक शब्द चाचपून टाकत होत्या. “बिघाड माझ्यात आहे. ते परत आलंय. चिटणिसांना सांगा, यंत्राकडूनच वाचून घ्या.”

त्या गेल्यावर मी आत जाऊन हेडफोन लावला आणि सहज ग्रंथालयाचा पत्ता म्हणू लागलो. मी बोलून पुढे गेलो की माझाच आवाज मागून चालत येई, वर्गात मागच्या बाकावरचे पोर नक्कल करते तसा. तिसऱ्या शब्दाला माझीही जीभ वळेना. मी लगेच खुडबुड्याला फोन लावला.

तो बहिणीला जवळजवळ ओढूनच घेऊन आला. “अगं, टाकी मोठी केली की भरायला वेळ लागतो. म्हणून आवाज उशिरा येतो. काकांचीसुद्धा बोबडी वळली, विचार त्यांना!”

“काका कुठे आयुष्यभर अडखळलेत,” बाई म्हणाल्या.

त्याने टाकी लहान केली. बाई सरळ वाचू लागल्या, पण तडतड आली. मोठी केली. तडतड गेली, बाई अडल्या. मधली मापे लावली, तर थोडे हे आणि थोडे ते. शेवटी त्याने हात टेकले. “या यंत्राची ताकद एवढीच, ताई. नवीन आलं तर दोन्ही जमेल.”

“नवीन पुढच्या वर्षी. बैठक या आठवड्यात. आणि मला आता यंत्राची नाही, माझ्या जि... जि...”

“जिभेची भीती वाटते,” भाऊ म्हणाला.

“जिवाची!” बाई कडाडल्या. “जिवाची म्हणत होते मी. या खोलीत येते तेवढाच वेळ मला जिवंत असल्यासारखं वाटतं. लहानपणापासून तू माझ्या तोंडात शब्द कोंबतोयस, आणि तेही चुकीचे!”

“मी मदत करत होतो.”

“गोळ्या खात होतास.”

तो हसला नाही. बाईंनी टेबलावरच्या कादंबरीकडे पाहिले. मग त्यांनी कपाटातून तिची दुसरी प्रत काढली आणि भावापुढे टाकली.

“टाकी मोठी कर. हेडफोन तू घाल. समोर बस आणि मी वाचते त्या ओळीवर बोट ठेव. ऐकू आल्याशिवाय बोट पुढे न्यायचं नाही. अंदाज धरायचा नाही. शब्द पुरवायचा नाही.”

“आणि तू अडलीस तर?”

“तर बोट तिथेच.”

खोलीचे दार लागले. मुद्रण होणारा आवाज मलाही ऐकू यावा म्हणून भावाने त्याआधी एक स्पीकर माझ्या टेबलावर जोडून दिला होता. बाईंचे ओठ आधी हलत आणि शब्द मागून येई. पहिली दोन पाने नीट गेली. मग ‘काठावर’ हा शब्द पुन्हा आला. बाईंचा जबडा ताठ झाला. शब्द भावाच्या बोटाखालीच होता. त्याचा ओठ हलला, आणि त्याने तो दातांखाली धरला. मान खाली घातली. स्पीकरमधून काहीच येत नव्हते, तडतडसुद्धा नाही. मी लिहीत होतो ती ओळ अर्धी राहिली.

“काठावर,” बाई म्हणाल्या. क्षणभराने तो शब्द माझ्या टेबलावर पोचला आणि मग भावाचे बोट हलले.

प्रकरण संपल्यावर दोघे घामाघूम होऊन बाहेर आले. “मधली शांतता कापू?” त्याने विचारले.

“काप. लोकांना गोष्ट ऐकायचीय.” त्या खुर्चीत टेकल्या. “उद्या येशील?”

“उद्या कारखान्यात पाळी आहे. परवाही.”

बाईंनी खिडकीतून आतल्या, भावाच्या रिकाम्या खुर्चीकडे पाहिले. अजून शेवटचे प्रकरण उरले होते. त्यांनी पेला उचलला, त्यात पाणी नव्हते. मी भरून आणेपर्यंत दोघे आत जाऊन बसले होते आणि भावाचे बोट शेवटच्या प्रकरणाच्या पहिल्या शब्दावर थांबले होते.