उलटी टाकी, सुलटी टाकी

"आधी कागद, मग कात्री," मास्तर म्हणायचे आणि गळ्यातली टेप काढून समोरच्या वस्तूच्या कमरेभोवती गुंडाळायचे. वस्तू कोणतीही असो. माझ्या दुकानातल्या कूलरचं, धान्याच्या कोठीचं, एकदा तर हातगाड्यावरच्या कलिंगडाचं माप घेताना मी त्यांना पाहिलं आहे. तुमच्याही गल्लीत असा एखादा टेलर असेल, ज्याला बघून आपण उगाच पोट आत घेतो.

लातुरात आमची दुकानं शेजारी-शेजारी. त्यांचं शिलाईचं, माझं पत्र्याच्या कोठ्या आणि कूलरचं. दिवसभर माझी ठोकाठोक, त्यांच्या मशीनची खडखड, आणि मागच्या डाळ मिलचा भुसा दोघांच्याही डोक्यावर सारखाच. टेलरला आमच्याकडे सगळेच मास्तर म्हणतात, तसे ते मास्तर.

त्यांच्या मुलाने कॉलेजात असताना हौसेने घरी जुळवायच्या मोटारीचे सुटे भाग मागवले होते. फायबरची उघडी बॉडी, दोन सीटा, चाकं, जुन्या गाडीचं इंजिन. मग त्याला पुण्यात नोकरी लागली आणि मोटार मास्तरांच्या परसात ताडपत्रीखाली पडली. मास्तरांनी एका मेकॅनिकला हाताशी धरून सवडीसवडीने ती उभी केली. सीटकव्हरं अर्थातच स्वतः शिवली, वर कडांना पायपीनचा गोट लावून. राहिली फक्त पेट्रोलची टाकी, कारण ती भागांत आलीच नव्हती.

ही मोटार रस्त्यावर आणता येणार नाही, हे त्यांना माहीत होतं. चाकूरजवळ त्यांच्या भावाचं रान आहे. सोयाबीन निघालं की तिथे फिरवायची, एवढाच बेत. आणि शेजारच्या सीटवर काकू, त्यांची बायको. खरं सांगायचं तर बेत फक्त तेवढाच होता. लग्नानंतर काकूंना निलंग्याहून त्यांनी एसटीने आणलं, तेव्हा बाशिंगाची खूण कपाळावर असलेल्या नवरीला लातूरपर्यंत बसायला जागा मिळाली नव्हती.

"उभ्यानं आनलं हो भाऊ तिला," मास्तर म्हणायचे. "एकदा बसवून फिरवतो. तिचीच सीट, तिचाच दरवाजा."

काकू मात्र ऐकायला तयार नव्हत्या. त्या निलंग्याकडच्या, राग आला की एखादा कानडी शब्द यायचाच. "बेडा! नको म्हंजे नको. ब्लाऊज शिवनाऱ्या मानसाच्या पेट्रोलच्या टाकीम्होरं मी बसू व्हय? एक थेंब गळाला तरी मी बसनार न्हाई."

मास्तरांना हे आव्हान वाटलं. त्यांनी मोटारीच्या मागच्या खोबणीत अर्धं शरीर घालून माप घेतलं, पेपरच्या रद्दीचा फर्मा कापला, टाचण्या लावून कागदाची टाकीच बनवली आणि ती बसवूनही पाहिली. फर्मा सुरेख होता. आत आडवे पत्रे लावावे लागतात, नाहीतर वळणावर पेट्रोल एका बाजूला पळतं. मास्तर त्याला अस्तर म्हणायचे. शिलाईची सवय म्हणून पत्र्याच्या कडेला चारी बाजूंनी बोटभर माया सोडली, कपड्यात पुढे उसवून सैल करायला ठेवतात तशी. मी म्हटलं, "मास्तर, टाकीचं अंग भरणार आहे का?" ते म्हणाले, "तुमचं भरलं की न्हाई?"

त्यांनी खडूने आखलं, मी कापलं, वाकवलं, सांध्यांना झाळ दिली. झकास टाकी झाली. मोटारीत बसवायला गेलो तर तोंड डावीकडे आणि बॉडीतलं पेट्रोल भरायचं भोक उजवीकडे. पाठ तिरकी, त्यामुळे फिरवूनही बसेना. मास्तरांनी फर्मा पुन्हा टाकीला लावून पाहिला.

"भाऊ, उलट्या बाजूनं आखलं म्या."

कापड उलट्या बाजूने आखतात, उलटं शिवतात आणि शेवटी सुलटं करतात. त्यांच्या हाताने जन्मभर केलं तेच केलं होतं. आता पत्रा सुलटा कसा करणार? आम्ही दोघं हसता हसता खालीच बसलो.

काकूंनी ती टाकी तिथल्या तिथे ताब्यात घेतली. आमच्याकडे नळाला पाणी कधी येईल त्याचा नेम नसतो. गळत नसेल ते भांडं कुठल्याही आकाराचं चालतं. मोरीजवळ विटांवर टाकी मांडली, पाणी भरलं, रोज खाली हात फिरवून पाहिला. हात कोरडा. तरी म्हणायच्या, "पान्याचं येगळं, पेट्रोलचं येगळं."

दुसऱ्या टाकीच्या वेळी मास्तरांनी पत्र्यावर आधी मोठ्या अक्षरात "सुलटी" लिहिलं, मगच खडू टेकवला. टाकी झाल्यावर सगळ्या सांध्यांवर तोच खडू दाट फासला, आत थोडं डिझेल ओतलं आणि टाकी कुशीवरून कुशीवर ठेवत राहिले. कुठे झिरपलं तर खडूवर काळा डाग उठतो. चष्मा लावून तपासणीला काकू. आणि उठलाच एक डाग, कोपऱ्यात, मोहरीएवढा.

मास्तरांचं तोंड एवढंसं झालं. झाळ पुन्हा देता आली असती, पण डिझेल लागलेली टाकी चांगली धुतल्याशिवाय मी जाळाजवळ नेत नाही, यात माझी कुणाशीही तडजोड नाही. धुवायला पाणी हवं, आणि नळ तर कोरडा. "ऱ्हाऊ द्या," मास्तर म्हणाले. ऱ्हाऊ द्या हा शब्द त्यांच्या तोंडून मी पहिल्यांदाच ऐकला आणि मला वाईट वाटलं.

काकू मोरीकडे गेल्या आणि उलट्या टाकीतलं पाणी घागरीत काढून घेऊन आल्या. साठवलेलं पाणी. "धुवा," म्हणाल्या. "पुरलं न्हाई तर अजून हाय." पाणी थोडंथोडं घेत, साबण घालून, वास जाईपर्यंत आम्ही ती टाकी धुतली. शेवटचं पाणी काकूंनी वाया जाऊ दिलं नाही, ओटा पुसून घेतला. झाळ दिली, पुन्हा खडू फासला. या वेळी खडू पांढराच राहिला.

सोयाबीन निघालं. टेम्पोत घालून मोटार रानात नेली. पहिल्यांदाच म्हणून मास्तरांनी बेताचंच पेट्रोल घातलं. काकू ठेवणीतलं लुगडं नेसून आल्या होत्या, पण "एकच चक्कर" अशी अट घालून. मास्तरांनी दरवाजा उघडून धरला. त्या बसल्या, पदर खोचला, मोटार फुरफुरत निघाली. धसकटांवरून नाचत बांधापर्यंत गेली आणि परत आली. मास्तरांनी गाडी थांबवली. "झाली चक्कर. उतर."

काकू समोर बघत म्हणाल्या, "टाकीत हाय तवर फिरवा की."

मग मोटार फिरतच राहिली. पेट्रोल संपून पार तिकडच्या बांधाला बंद पडली, तेव्हा आम्ही ढकलायला गेलो. मास्तर उतरून ढकलू लागले. काकू बसूनच होत्या.

आता दोघं पुण्याला मुलाकडे असतात. मोटार माझ्या शेडमध्ये आहे, उलटी टाकी माझ्या मोरीत. शेजारच्या दुकानात मोबाईलची कव्हरं विकतात. खडखड नाही, त्यामुळे माझी ठोकाठोक मलाच मोठी वाटते. मास्तरांची आठवण येते, हे कबूल करायला लाज कसली.

अधूनमधून फोन येतो. "भाऊ, मोटारीची टाकी कशी हाय?"

"कोरडी ठणठणीत."

मागून काकूंचा आवाज येतो. "दिवाळीला येतो म्हनावं. औंदा काठोकाठ भरा."