विरार ते बोईसर, आणि पुलाआधी अडलेली गोष्ट

लोक शनिवारी बोईसरला फिरायला जात नाहीत, कामाला जातात. मी फिरायला गेले. खरं सांगायचं तर मी जळफळाटाने गेले.

माझा नवरा श्रीकांत बोईसरच्या एमआयडीसीत एका औषधांच्या कंपनीत आहे. विरारहून रोज डहाणू लोकलने जातो. घरी त्याचं बोलणं म्हणजे ‘हं’, ‘वाढ’ आणि ‘किल्ली कुठंय?’ पण मागच्या महिन्यात एका लग्नात एक बाई आपणहून माझ्याजवळ आल्या. “तुम्ही श्रीकांतच्या मिसेस ना? मी वैशाली, आम्ही एकाच डब्यात असतो. काय बोलतात हो ते! बोईसर कधी येतं कळतच नाही.”

मी हसले. जेवण मात्र गोड लागलं नाही. वीस वर्षांच्या संसारात मला स्टेशन कधी येतं ते नेहमी कळलेलं आहे.

“मला चिंचणीचा समुद्र बघायचाय. शनिवारी तुझ्याच गाडीने येते,” मी जाहीर केलं. त्याच्या कंपनीला सुट्टी शुक्रवारी असते. तो म्हणाला, “हं. ये की.”

तुम्हाला जायचं असेल तर रिटर्न तिकीटच काढा. वडापाव आणि चहाच्या पैशांत जाऊन येणं होतं. वैतरणेची खाडी बघायची असेल तर खिडकी धरा. मला ती मिळाली, कारण वैशालीने उठून दिली. “पाहुण्यांना खिडकी!” माझ्या नवऱ्याच्या शेजारी मी पाहुणी! तिने डब्यातून मेथीचे ठेपले काढले. श्रीकांतने न विचारता दोन उचलले. घरी मेथी केली की हा माणूस ताट बाजूला सारतो.

पूल आला. खाली भरतीचं पाणी, कडेला पाणथळ हिरवं रान, पलीकडे नव्या मार्गांची कामं. मी बाहेर बघत होते आणि कान आत होते. केळवे रोडला राऊतकाका चढले. केळव्याचे वाडीवाले, बोईसरला इलेक्ट्रिशियन. टेकायच्या आधीच म्हणाले, “हां श्रीकांतभाऊ, मंग? दिले का पाट?”

“कसले पाट?” मी विचारलं.

“तुम्हाला माहीत नाही?” वैशाली खरोखर चकित झाली. “थांबा वहिनी, मागचं मी सांगते.”

आणि माझ्याच आजेसासऱ्यांची गोष्ट तिने मला सांगितली. ते याच मार्गावर वाफेच्या इंजिनावर फायरमन होते. भट्टीत कोळसा टाकायचं काम. एकदा कोळसा भिजला, वाफ उतरली आणि गाडी पुलाच्या अलीकडे अडली. गाडीत लग्नाचं वऱ्हाड. आजोबा डब्याशी आले आणि वधूपित्याला म्हणाले, पेटवायला सुकं लाकूड द्या, तुमचे लग्नाचे पाट द्या.

“मग?” माझ्या तोंडून निघालंच.

श्रीकांत पुढे सरकला. हातवारे करत, डोळे मोठे करत त्याने तो वधूपिता उभा केला. “‘पाट जाळू? मग पोरगी काय जमिनीवर बसवू?’ आजोबा म्हणाले, ‘गाडी पोचलीच नाही, तर बसवणार कुठे?’” सगळे हसले. मीही हसले, आणि आतून पेटले. हा माणूस माझ्या घरी राहतो?

“आदी शटल होती ना वयनी,” राऊतकाका म्हणाले, “एक चुकली का बसून रावा. आता गाड्या हायेत, पण असा सांगणारा नाय.”

पालघर गेलं, उमरोळी गेलं. वधूपित्याने पाटाला हात घातला आणि बोईसर आलं. “उरलेलं उद्या!” म्हणून श्रीकांत कंपनीच्या बसकडे धावला.

स्टेशनबाहेरून चिंचणीला शेअर रिक्षा मिळतात. भरल्याशिवाय हलत नाहीत. “मॅडम, बस एक सवारी और,” असं रिक्षावाला तीनदा म्हणाला. तारापूर मागे टाकून चिंचणीला उतरलं की सुरूच्या झाडांची दाट सावली आणि लांबवर सपाट किनारा. बोंबील फ्राय जरूर खा. मी खाल्ले, आणि सबंध दुपार त्या सुंदर किनाऱ्यावर बसून ठेपल्यांचा विचार केला.

संध्याकाळी घरी पोचल्यावर मी कणीक मळायला घेतली आणि पाठमोरीच श्रीकांतला विचारलं, “दिले का पाट?”

“अगं, त्यात काय...”

“वैशालीला सांगतोस. मला का नाही?”

त्याने हातातली किल्ली टेबलावर ठेवली. मग म्हणाला, “गाडीत सगळे समोर बसलेले असतात. घरी तू कधी बसतेस?”

राग आला. मी बसले तर पोळ्या कोण करणार? तेच म्हटलं. मग लाटणं त्याच्या हातात दिलं आणि खुर्ची ओढून समोर बसले. त्याने भारताच्या नकाशासारख्या पोळ्या लाटल्या आणि सांगायला लागला. मी मधेच विचारलं, “पाट कसले होते? सागाचे?” तो लाटणं रोखून म्हणाला, “सागाचे! पितळी फुलं ठोकलेले!” तिथून गोष्ट सुटली ती सुटलीच. पाट जळले, गाडी पुलापार गेली, नवरी कशावर बसली तेही कळलं.

“यातलं खरं किती?”

“आजोबा फायरमन होते, एवढं खरं.”

आता रोज पोळ्यांच्या वेळी मी बसते. वैशालीबद्दल मनात काही नाही असं लिहिलं तर खोटं होईल. परवा तिचा फोन आला.

“वहिनी, ते हल्ली गाडीत चक्क झोपतात. म्हणतात, पुढचं घरी सांगून झालंय, परत सांगायचा कंटाळा येतो. नवरी कशावर बसली हो शेवटी? तुम्हाला ठाऊक असेल.”

“आहे ना,” मी म्हटलं, आणि कुकरची शिट्टी झाल्याचं सांगून फोन ठेवला.