साडूंचा न्यूट्रॉन

एखादी गोष्ट सापडली नाही म्हणून पेढे वाटणारा माणूस आमच्या साडूंखेरीज अख्ख्या पुण्यात दुसरा नसेल. भौतिकशास्त्र शिकवून निवृत्त झाले, नारायण पेठेत राहतात, आणि कित्येक वर्षं न्यूट्रॉनच्या मागावर आहेत. अणुकेंद्राबाहेर पडलेला न्यूट्रॉन म्हणे जेमतेम पाव तास टिकतो. पण तो पाव तास दोन तऱ्हांनी मोजला की काही सेकंदांचा फरक येतो. त्यावरून कुणीतरी शंका काढली, की थोडे न्यूट्रॉन कृष्णद्रव्य होऊन गुपचूप नाहीसे होत असतील. तसं असेल तर ते काही अणुकेंद्रांच्या आतही घडायला हवं, आणि मागे उरलेल्या केंद्रातून गॅमा किरणांची बारीकशी चमक निघायला हवी. परदेशात जमिनीखाली खोल बसवलेल्या एका यंत्राच्या नोंदींत साडू ती चमक शोधतात, तेही स्वयंपाकघराशेजारच्या खोलीत बसून. मागे एकदा ती दिसली नाही, तेव्हा पेढ्यांचा पुडा घेऊन आमच्याकडे आले. "आता तो कुठे नाही हे तरी नक्की कळलं!"

आमच्या सासूबाई म्हणाल्या, "तुमच्या घरातून तीन छत्र्या नाहीशा झाल्यात. त्या आधी बघा."

"त्या नाहीशा नाहीत," साडू गंभीरपणे म्हणाले, "विसरलेल्या आहेत. त्यात काही नवीन नाही."

माणूस काटेकोर. "पाच मिनिटांत येतो" असं कधी म्हणणार नाहीत. "चार ते नऊ मिनिटांत येतो" म्हणतात आणि सातव्या मिनिटाला दारात उभे राहतात.

गेल्या हिवाळ्यात मात्र आलेखावर, हवा तिथेच, एक उंचवटा दिसला. बरोबरची तरुण मंडळी लगेच शोधनिबंध लिहायला निघाली. साडूंनी त्यांना थांबवलं आणि तीन आठवडे स्वतःच्याच निकालात खोट शोधत बसले. शेवटी सापडली. ती चमक यंत्राच्याच एका भागातल्या किरणोत्सारी अशुद्धतेची होती. सगळ्यांना तसं त्यांनी स्वतःच कळवलं.

मी भेटायला गेलो तेव्हा ते मटार सोलत बसले होते.

"वाईट वाटलं असेल," मी म्हणालो.

"वाटलं. पण चूक दुसऱ्या कुणी काढली असती तर जास्त वाटलं असतं." एवढं बोलून ते उठले आणि आपल्या खोलीत जाऊन बसले.

माझी मेहुणी मला सोडायला जिन्यापर्यंत आली. "ते तीन आठवडे हे अंघोळ करताना गात होते हो," ती हळूच म्हणाली. "लग्नानंतर पहिल्यांदाच ऐकलं. चूक ती चूकच. पण अजून आठवडाभर सापडली नसती, तर काय बिघडलं असतं?"