दिवाणातली भरलेली बंदूक

आई गेल्यानंतरच्या हिवाळ्यात बाबांना गाझियाबादहून गुरुग्रामला माझ्याकडे आणायचं ठरलं. ते सहजासहजी तयार झाले नाहीत. केंद्र सरकारच्या नोकरीत त्यांची उमेदीची वर्षं दिल्लीत आर. के. पुरमच्या सरकारी क्वार्टरमध्ये गेली होती आणि निवृत्तीनंतर घेतलेला गाझियाबादचा फ्लॅट हे त्यांचं पहिलं स्वतःचं घर होतं. पण गुडघे साथ देईनात आणि तिथली लिफ्ट सारखी बंद पडायची. शेवटी एका शनिवारी मी घर आवरायला गेले.

बैठकीतल्या दिवाणाच्या पोटात रजया असायच्या. त्यांच्या खाली, आईच्या जुन्या सुती साडीत गुंडाळलेली, आजोबांची बंदूक होती. ठासणीची. तोंडाकडून दारू आणि गोळी भरायची, गजाने ठासायची, मागच्या बाजूला छोटी टोपी बसवून चाप ओढायचा, अशी. रानडुकरांपासून पीक वाचवण्यासाठी आजोबांना तिचा परवाना मिळाला होता. गावाबाहेरच्या आमच्या वस्तीत तोवर कोणाकडे बंदूक नव्हती. मुख्य गावातली माणसं आजोबांना नावाने हाक मारायची, अरे-तुरे करायची. बंदूक आल्यावर काहींचं ते कमी झालं, असं बाबा सांगत. आजोबांच्या मागे परवाना बाबांच्या नावावर झाला आणि बंदूक दिल्लीला आली. दिल्लीत रानडुकरं नव्हती. तरी बाबा परवान्याचं नूतनीकरण कधी चुकवत नसत. आम्ही हसायचो. ते म्हणायचे, बापाची आठवण आहे, राहू दे.

आता मात्र ती पोलीस ठाण्यात जमा करायची, यावर ते स्वतःच राजी झाले होते. जमा करण्याआधी थोडी पुसून घ्यावी म्हणून मी साडी सोडली. नळीच्या तोंडाशी गंज दिसत होता. खालच्या खाचेतला लोखंडी गज काढून त्याला चिंधी बांधली आणि नळीत घातला. तो आत गेला आणि मध्येच टेकला. गंजाचा खपला असेल म्हणून मी थोडं दाबलं. हलेना. मग गज बाहेर काढून नळीला बाहेरून लावून पाहिला. नळी जिथे संपते तिथून चांगली वीतभर अलीकडेच तो अडत होता.

मी गज खाली ठेवला. हात आपोआप मागे आले. बाबा आतल्या खोलीत कपड्यांच्या घड्या करत बसले होते. मी दारात जाऊन विचारलं की बंदुकीत काही अडकलंय का.

त्यांनी हातातली घडी पूर्ण केली. मग म्हणाले, "अडकलं नाही. भरलेली आहे ती."

"कधीपासून?"

"तुम्ही लहान होतात तेव्हापासून."

ते पुढे सांगू लागले, ऑफिसात फाईल समजावून सांगावी तशा आवाजात. मागची टोपी काढलेली आहे, टोपीशिवाय ती उडत नाही, त्यात घाबरण्यासारखं काही नाही. मी विचारलं, मग रिकामी का केली नाही. ते म्हणाले, भरलेली बंदूक रिकामी करायचा सोपा उपाय म्हणजे ती उडवणं. क्वार्टरमध्ये कुठे उडवणार होतो? कोणाला सांगितलं असतं तर प्रश्न आले असते. मग उद्या बघू, उद्या बघू करत राहिलं.

मी आईला माहीत होतं का ते विचारलं. त्यांनी मान हलवली. नाही.

मी बैठकीत परत आले आणि त्या दिवाणाकडे बघत उभी राहिले. दर थंडीत आई त्याच्या शेजारी हीटर लावायची. रजया काढताना तीच ती बंदूक उचलून बाजूला ठेवायची, पुन्हा आत ठेवायची. गावाकडची मुलं स्पर्धा परीक्षांचा अभ्यास करायला दिल्लीत आली की खोली मिळेपर्यंत आमच्याकडे राहत आणि याच दिवाणावर झोपत. आम्ही भावंडं त्यावर उड्या मारायचो. धाकटा भाऊ शाळेत असताना त्याने एकदा ती बंदूक ओढून काढली होती आणि एक डोळा मिटून नळीत बघत होता. बाबांनी त्याला मारलं. कानशिलावर बोटं उमटली. बाबांचा हात आमच्यावर उठला तो तेवढाच. भाऊ ते कधी विसरला नाही. गंजक्या लोखंडासाठी बापाने आपल्याला मारलं, असं तो मोठेपणीही बोलून दाखवायचा.

त्याला बंगळुरूला फोन केला. त्याने सगळं ऐकलं. मग एवढंच म्हणाला, "म्हणजे मी डोळा लावला होता तेव्हा ती भरलेली होती." मी हो म्हटलं. त्याने फोन ठेवून दिला.

मी ठाण्यात फोन लावला. तिकडून सांगण्यात आलं की हलवू नका, आधी बंदुकीच्या दुकानातून माणूस बोलावून रिकामी करून घ्या, मग आणा. दुकानदाराने दुसऱ्या दिवशी सकाळी मिस्त्री पाठवायचं कबूल केलं. तोवर मी बाबांना घेऊन शेजारच्या गेस्ट हाऊसमध्ये राहिले. बाबांना ते अगदीच अनावश्यक वाटत होतं. इतकी वर्षं झोपलोच ना तिथे, असं ते एकदा म्हणाले.

मिस्त्री आला. त्याने आम्हाला स्वयंपाकघरात थांबायला सांगितलं, बंदुकीचं तोंड बाल्कनीच्या भिंतीकडे करून मागच्या भोकातून आधी तेल सोडलं, मग पाणी, आणि बराच वेळ तशीच ठेवली. नंतर गजाच्या टोकाला स्क्रू लावून तो काहीतरी ओढत राहिला. आम्हाला फक्त घासल्याचा आवाज येत होता. बाबा ओट्याला धरून उभे होते. शेवटी त्याने बोलावलं. वर्तमानपत्रावर काळीकुट्ट चिंधी होती, शिशाची एक गोळी, आणि ओल्या दारूचा चिखल. चिखलात मधेच एक ढेकूळ कोरडं राहिलं होतं. त्याने त्यातली चिमूट बाल्कनीत बाजूला घेतली आणि काडी लावली. भस्सकन जाळ झाला.

"अभी तक ज़िंदा है," तो म्हणाला.

बाबांनी खुर्ची मागितली.

दुपारी ठाण्यात जाऊन बंदूक जमा केली. परतीच्या वाटेवर गुरुग्रामच्या कॅबमध्ये, गाड्यांच्या रांगेत अडकलो असताना, बाबांनी आपणहून सुरुवात केली. मराठीत, त्यामुळे ड्रायव्हरची चिंता नव्हती.

आत्याच्या लग्नाची गोष्ट होती. माझी परीक्षा म्हणून आई आम्हाला घेऊन दिल्लीतच राहिली होती आणि बाबा एकटे गावी गेले होते. वरात मुख्य रस्त्यावरून न्यायची नाही, असा निरोप गावातून वस्तीत आला होता. बाबा तेव्हा नुकतेच अधिकारी झाले होते. त्यांनी उलट निरोप पाठवला की वरात तिथूनच जाईल. आजोबा तोवर गेले होते, परवाना बाबांच्या नावावर झाला होता, पण बंदूक अजून गावच्या घरातच होती. मग त्यांनी ती भरली आणि वळणावरच्या अर्ध्या पडक्या भिंतीमागे जाऊन बसले. घरच्यांपैकी कोणालाही सांगितलं नाही.

वरात वळणावर आली तेव्हा रस्त्याच्या कडेला पाच-सहा माणसं दगड घेऊन उभी होती. त्यांच्या पुढे होता तो बाबांचा गावातला शाळासोबती. एका बाकावर बसून दोघं शिकले होते.

"मी त्याच्या छातीवर नेम धरला," बाबा म्हणाले. "दुसऱ्या कोणावर नाही. त्याच्यावरच."

"मग?"

"मग त्याने हातातला दगड खाली टाकला आणि बाजूला झाला. बाकीचेही हटले. वरात निघून गेली. त्याने मला पाहिलं होतं की नाही, ते मला आजही माहीत नाही."

मी विचारलं, त्याने दगड टाकला नसता तर?

"उडवली असती," ते म्हणाले. जराही न थांबता.

दुसऱ्या दिवशी गावात बार काढला असता तर पुन्हा सगळं पेटलं असतं, म्हणून टोपी काढून, तशीच भरलेली बंदूक ते रेल्वेने घेऊन आले. हे चूक होतं, धोक्याचं होतं, ते त्यांना तेव्हाही कळत होतं. मला वाटलं त्यांचं बोलणं संपलं. पण गाडी थोडी पुढे सरकल्यावर ते म्हणाले की पुढे त्याच शाळासोबत्याचा मुलगा परीक्षेच्या तयारीला दिल्लीला आला होता. वडिलांनीच पाठवला होता, चिठ्ठी न देता; त्याने दारात येऊन नुसतं वडिलांचं नाव सांगितलं. आपल्याकडे वर्षभर राहिला.

तो मला चांगला आठवतो. मला गणित शिकवायचा. आईच्या हातची भाकरी आवडते म्हणून सांगायचा. तो कोणाचा मुलगा, हे तेव्हा आम्हाला बाबांनी कधी सांगितलं नव्हतं. तो दिवाणावर झोपायचा. मी बाबांकडे बघितलं. ते खिडकीबाहेर बघत होते.

"त्या वर्षी रिकामी करायलाच हवी होती," ते म्हणाले. "पण तो घरात असताना मला ती हातात घ्यायचा धीर झाला नाही."

मला त्यांच्यावर रागवायचं होतं. कालपासून मी तो राग धरून बसले होते. त्या भिंतीमागे बसलेला तरुण माणूस आताच्या माझ्यापेक्षा किती लहान होता, तेच डोक्यात येत राहिलं. आणि तरीही ती गोळी ज्या दिवाणात होती, त्यावर उड्या मारणारी दोन मुलं माझ्या डोळ्यांसमोरून जात नव्हती.

भावाला बाबांनी स्वतः फोन केला. मी खोलीचं दार लावून घेतलं. काय बोलणं झालं ते दोघांनीही मला सांगितलं नाही. भाऊ आता दर रविवारी फोन करतो, पण अजून आलेला नाही.

तो शाळासोबती आता नाही. त्याचा मुलगा अधिकारी झाला, दूर कुठल्या राज्यात आहे, आणि वर्षातून एकदोनदा बाबांची चौकशी करतो. गेल्या महिन्यात त्याचा फोन मीच उचलला. काकांचे गुडघे कसे आहेत, विचारलं. मी बाबांना फोन दिला. ते त्याच्या बदलीबद्दल बोलले, त्याच्या मुलीच्या शाळेबद्दल बोलले. मी तिथेच उभी होते, ते आता सांगतील की काय म्हणून. त्यांनी सांगितलं नाही. शेवटी म्हणाले, दिल्लीला काम निघालं तर हॉटेलात उतरू नकोस, इथे एक खोली रिकामी असते.

तो मार्चमध्ये येतो आहे, कुटुंबाला घेऊन.