कोयचुमान ओव्हन उघडतो

सासऱ्यांनी मायक्रोवेव्ह जमिनीवर उताणा केला, तेव्हाच पीठ मळणाऱ्या बुरुलने मान वर केली.

किर्गिझस्तानातल्या नारीन गावात कुणाचं काही बिघडलं की लोक बुरुलला बोलावत. माहेरी, कोचकोर गावात, बापाच्या दुरुस्तीच्या दुकानात ती पेचकस धरूनच मोठी झाली होती. पण स्वतःच्या सासरी मात्र तिने पेचकसाला हात लावलेला म्हाताऱ्याला खपत नसे. चाळीस वर्षं ट्रॅक्टर दुरुस्त केलेल्या माणसाला सून काय शिकवणार! ओव्हन गुरगुरत होता, पण मटण थंडच राहत होतं. म्हाताऱ्याने पत्रा काढला.

"मामंजी, जरा थांबा. मी बघते."

"प्लग काढलाय गं! मेलेल्या सापाला भितेस होय?"

"तो मेलेला नसतो, मामंजी. आत कपॅसिटर असतो. प्लग काढल्यावरही त्यात वीज साठून राहते."

"तू पीठ मळ."

बापाच्या दुकानातला कारागीर झानीबेकही असंच म्हणाला होता, प्लग काढलाय म्हणून. त्याचं प्रेत शालीत गुंडाळून नेताना दहा वर्षांच्या बुरुलने पाहिलं होतं. ते आठवून तिचे हात पिठातच थबकले. म्हाताऱ्याचा ओठ एकाग्रतेने बाहेर आला होता. त्याची बोटं तारांमधून कपॅसिटरच्या रुपेरी डब्याकडे सरकत होती.

"मामंजी!"

त्याने मान वर केली नाही. ही हाक तो दिवसातून शंभरदा ऐकायचा, आणि शंभरदा कानाआड करायचा. धावत जावं तर मध्ये जेवणाचं मांडलेलं दस्तरखान, आणि तिचे हात ओले. अकरा वर्षांत तिने सासऱ्याचं नाव उच्चारलं नव्हतं. त्या नावासारखा शब्द बोलण्यात आला तरी तिथल्या सुना तो बदलून बोलतात.

"कोयचुमान!"

म्हाताऱ्याचा हात होता तिथेच थिजला. त्याला अशी नावाने हाक फक्त भाऊ मारायचे, आणि तेही आता मेले होते.

बुरुल हात पुसून आली. रबरी मुठीचा पेचकस उजव्या हातात, डावा हात पाठीमागे; कपॅसिटरची दोन्ही टोकं तिने जोडली. फटकन आवाज झाला, निळी ठिणगी उडाली, आणि पेचकसाच्या टोकावर काळा खळगा पडला.

दारात सासू उभी होती. तिने ठिणगी पाहिली नव्हती, फक्त नाव ऐकलं होतं.

"माझा नवरा जिवंत असताना त्याचं नाव घेतलंस?" ती म्हणाली. "निर्लज्ज! अभद्र! आता या घरात काय होणार, अल्लाच जाणे!"

बुरुलने मान खाली घातली. म्हातारा मात्र आपल्या उजव्या हाताकडेच बघत बसला होता.

"गप बस," तो बायकोला म्हणाला. "हिनं घेतलं नसतं, तर उद्या माझ्या जनाज्यावर मुल्लानं घेतलं असतं."