माझं गाऱ्हाणं मीच घातलं

त्या वर्षी मला आजारापेक्षा माणसांनी जास्त पिडलं आणि देवाकडून तर काही उत्तरच येत नव्हतं. मी पेणला एका शाळेत गणित शिकवते. जिना चढताना दम लागतो म्हणून रक्त तपासलं, तर हिमोग्लोबिन कमी, पांढऱ्या पेशी कमी, प्लेटलेट्सही कमी. एकच काही कमी असतं तर गोळ्या लिहून दिल्या असत्या. तिन्ही घसरलेली बघून डॉक्टरांनी माझ्या कमरेच्या हाडातली मज्जा काढून तपासायला पाठवली. तिच्यात कॅन्सरच्या पेशी दिसल्या नाहीत, पण बारीक बारीक गाठी दिसल्या. त्या क्षयाच्या असू शकतात, दुसऱ्या कशाच्याही असू शकतात, आणि शरीरात दुसरीकडे कॅन्सर दडलेला असला तरी अशा गाठी कधी कधी होतात, असं डॉक्टरांनी सांगितलं. पुन्हा एकदा मज्जा काढावी लागेल म्हणाले.

गाठ हा शब्द घराबाहेर कसा गेला कुणास ठाऊक. गाठ म्हटलं की लोकांना एकच रोग ठाऊक असतो. शेजारच्या काकू पपईच्या पानांचा रस घेऊन आल्या, शाळेत माझ्या टेबलावर डाळिंबं साचली, एका बाईंनी तर माझ्यासमोरच डोळ्यांना पदर लावला. नवरा डोलवीला कंपनीत शिफ्टला जातो. घरी आला की चपला काढायच्या आधी विचारी, आज कसं वाटतंय? त्याची काळजी मला कळत होती, तरी रोज तेच उत्तर द्यायचा वीट आला होता. मुलगी दहावीत होती. ती पुस्तकाआडून माझ्याकडे बघत बसायची, आणि तिच्या लग्नापर्यंत तरी आपण असू का, हा विचार माझ्या डोक्यातून जात नसे. मला एवढंच हवं होतं, की हा कॅन्सर आहे का नाही, ते कुणीतरी एकदाचं सांगून टाकावं.

माझं माहेर रोह्याला लागून, वरसे गावात. आईने फोनवर फर्मान काढलं, की डॉक्टरांना कळत नसेल तर ग्रामदेवीला कौल लाव. मी गणिताची बाई, माझा अशा कौलावर फारसा भरवसा नाही. पण आईशी वाद घालायचं त्राण नव्हतं, म्हणून गेले. गुरवाने हा कॅन्सर आहे का, असं विचारून देवीच्या दोन्ही खांद्यांवर ओल्या कळ्या चिकटवल्या. उजवी पडली तर होकार, डावी पडली तर नकार. आम्ही बसलो. कळ्या जिथल्या तिथे. पुन्हा लावल्या, तरी एकही हलेना. आईचा चेहरा पांढरा पडला आणि मला मात्र संताप आला. मज्जेने धड उत्तर दिलं नाही, आता देवीनेही तोंड मिटून घेतलं.

"आज आई बोलत नाय," गुरव देवीकडे बघत म्हणाला. "सवाल राहूद्या. मी गाऱ्हाणं घालतो."

तो हात जोडून देवीला सांगू लागला, की तुझ्या या लेकीच्या रक्तात गाठ झालीय. मी म्हटलं, रक्तात नाही, मज्जेत. तो पुढे म्हणाला, तिचा ताप उतरव. मी म्हटलं, मला ताप नाहीच. मुलांच्या वह्या तपासून लागलेली खोड, चूक ऐकवत नाही. शेवटी मी त्याला थांबवलं आणि माझं गाऱ्हाणं मीच घालायला बसले.

आणि एकदा तोंड उघडल्यावर ते थांबेना. कोरडा खोकला किती महिने पिच्छा सोडत नाही ते सांगितलं. एक डोळा सारखा लाल होतो, उजेड टोचतो, फळ्याकडे बघवत नाही. नडग्यांवर लाल, दुखऱ्या गुठळ्या उठतात आणि आपोआप जिरतात. डोळ्यांचे डॉक्टर डोळ्याचं विचारतात, रक्ताचे डॉक्टर रक्ताचं, खोकल्याला मी घरचाच काढा घेते, आणि तू तर काहीच बोलत नाहीस. मी देवीशी अक्षरशः भांडले आणि भांडता भांडता ढसाढसा रडले.

मागे एक अनोळखी बाई ओटीचं ताट घेऊन कधीची ताटकळत उभी होती. मी उठल्यावर तिने माझ्या खांद्यावर हात ठेवला.

"येवढं समदं त्या डॉक्टरला सांगितलंस का गो?"

मी जरा तुसडेपणानेच म्हटलं, "त्यांनी विचारलं नाही."

"मग देवी आईनं तरी कुठं इचारलं व्हतं?" ती म्हणाली आणि ओटी भरायला पुढे गेली.

पुढच्या भेटीत डॉक्टरांनी रक्ताचं विचारायच्या आत मी खोकला, डोळा, नडग्या, सगळं सांगून टाकलं. त्यांनी पेन खाली ठेवलं आणि माझ्या नडग्या दाबून पाहिल्या. मग छातीचा स्कॅन झाला. तिथेही गाठी निघाल्या, त्यातला तुकडा तपासला. क्षयाचे जंतू नव्हते, कॅन्सर नव्हता. आजाराचं नाव निघालं सारकॉयडोसिस. शरीराची राखण करणाऱ्या पेशीच जागोजागी गोळा होऊन गाठी करतात, आणि माझ्यात त्या मज्जेपर्यंत पोचल्या होत्या. नाव ऐकल्यावर मी दवाखान्यातच नवऱ्याला घट्ट धरलं.

स्टेरॉइडच्या गोळ्यांनी माझा चेहरा पुरीसारखा फुगला आणि रक्त हळूहळू वर आलं. आजार संपला, असं डॉक्टर अजून म्हणत नाहीत. ती बाई कोण, हे मी गावात विचारलं. कुणालाच नक्की सांगता आलं नाही. देवीनेच तिला उभी केली का, यावर मी वाद घालणार नाही. मला तिचे पाय धरायचे होते, ते राहिले.

शरण जाणं म्हणजे निमूट सोसणं, असं मला वाटायचं. मला ते कधी जमलं नाही आणि आता जमवायचंही नाही. रोज सकाळी देवापुढे बसते आणि दुखलेलं, खुपलेलं सगळं काढते, अगदी शेजारच्या काकूंसकट. त्याच्याकडून उत्तर मागत नाही. सगळं सांगून झालं की म्हणते, माझं झालं, आता तू बघ. आणि उठून शाळेत जाते.